घूस कुंपणाखालून येते

परसात रताळी लावली. भोवती कुंपण घातले. तरी घूस आलीच! कशी? कुंपण जमिनीवर, घूस जमिनीखाली.

आधी आतली बिळे शोधा. संध्याकाळी ती मातीने बुजवा. सकाळी जे बीळ पुन्हा उकरलेले दिसेल, तिथे सापळा लावा. नाहीतर चोराला घरात ठेवून कडी लावल्यासारखे होईल.

मग कुंपणालगत दीड-दोन फूट खोल चर खणा. त्यात तारेची जाळी उभी पुरा. भोके अर्ध्या इंचाहून मोठी नकोत. तळाशी जाळी वीतभर बाहेर वळवा. जाळी परवडत नाही? जुने पत्रे पुरा. चरात दगड-खापऱ्या ठासून भरा.

विष मात्र ठेवू नका, बाबांनो. अंगणात लेकरे खेळतात. रताळी पुन्हा लावता येतील.