समुद्राशी सोयरीक

चिऊ, तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. सोसायटीच्या गणपतीत यंदा ‘समुद्र वाचवा’ हा देखावा तुझ्या गळ्यात पडलाय, आणि पोटात प्लास्टिक गेलेली कासवं, तेलात माखलेले पक्षी असे फोटो तू गोळा करायला घेतलेस. तुझी तळमळ कळते गं मला. पण थोरली म्हणून सांगते, ते फोटो बाजूला ठेव. लोक बघतील, ‘अरेरे’ म्हणतील आणि प्रसादाच्या रांगेत जाऊन उभे राहतील. त्यात त्यांचा दोष नाही. ज्याच्याशी आपला संबंधच नाही, त्याचं दुःख माणूस किती वेळ धरून ठेवणार? आधी संबंध जुळवून दे. मग बाकीचं बोलता येतं.

हे काही मी मनानं रचून सांगत नाही. सौराष्ट्रात हे घडलंय. वेरावळ, सूत्रापाडा, मांगरोळ या किनाऱ्याला व्हेल शार्क येतो. जगातला सगळ्यात मोठा मासा. बारा मीटरपर्यंतसुद्धा वाढतो, अंगभर पांढरे ठिपके, आणि खातो काय, तर पाण्यात तरंगणारे बारीक जीव. माणसाच्या वाटेला जात नाही. नव्वदच्या दशकात तिथे हे मासे शेकड्यांनी मारले गेले. आकडा टोचायचा आणि त्याला रिकामी पिंपं बांधायची. पिंपांमुळे माशाला खोल बुडी मारता येत नाही, धडपडून तो दमतो. मग ओढत बंदरात आणायचा. त्याच्या यकृताचं तेल लाकडी होड्यांना चोपडायला पूर्वीपासून वापरत होतेच. पुढे मांसाला परदेशी गिऱ्हाईक मिळालं आणि कत्तल वाढली. माइक पांडे यांनी २००० साली ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट केला, तेव्हा हे देशाला दिसलं. २००१ मध्ये व्हेल शार्क वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसला. पण कर्ज काढून होडी बांधलेल्या माणसाला दिल्लीतल्या कागदाचं काय?

२००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरातचं वनखातं आणि टाटा केमिकल्स यांनी मिळून मोहीम काढली. त्यांनी कायद्याची कलमं वाचून दाखवली नाहीत. ते रामकथाकार मोरारीबापूंकडे गेले. बापूंनी माशाला ‘व्हाली’ म्हटलं, लाडकी. लेक बाळंतपणाला माहेरी येते तशी ही आपल्या किनाऱ्याला येते, दारात आलेल्या लेकीवर कुणी हत्यार उचलतं का, असं त्यांनी लोकांना विचारलं. मग याच कल्पनेवर गावोगाव पथनाट्यं झाली. हवा भरून फुगवलेला खऱ्या मापाचा व्हेल शार्क गावांतून फिरवला. आणि ज्यांनी आधी पिंपं बांधली, तेच लोक जाळं कापून मासा सोडायला लागले. आजवर सातशेहून जास्त सुटलेत. माहेरवाशिणीला रिकाम्या हातानं पाठवू नये हे ज्यांच्या रक्तात आहे, त्यांना ही गोष्ट वेगळी शिकवावी लागली नाही.

एक मात्र नीट ध्यानात घे, कारण कार्यक्रम करणारे हे हमखास गाळतात. कापलेल्या जाळ्याची भरपाई वनखातं देत होतं. जाळं काही शे-दोनशे रुपयांत येत नाही. महाराष्ट्रातही २०१८ पासून संरक्षित जीव सोडवताना जाळं तुटलं तर पंचवीस हजारांपर्यंत मदत मिळण्याची सोय आहे. नुसत्या भावनेवर दुसऱ्याच्या ताटातला घास मागू नये. आणि मी मालवणात राहते म्हणून हे जास्त जाणवतं. इथलं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं, पण मच्छीमारांचा विरोध वर्षानुवर्षं धुमसत राहिला. माझ्या मते त्याचं कारण सरळ आहे. समुद्र ज्यांचा पोटापाण्याचा धनी, त्यांच्या ओसरीवर बसून आधी कुणी बोललंच नाही.

आता तू म्हणशील, ताई, मोरारीबापू कुठून आणू? नकोतच. तुमच्या सोसायटीत क्रोशा विणणाऱ्या बायका किती आहेत ते मोज. दारावरची तोरणं, टीव्हीवरचे रुमाल, नातवंडांच्या टोप्या. त्याच हातांनी देखाव्यासाठी प्रवाळ विणायचे. ही युक्ती माझी नाही. मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या जुळ्या बहिणी, मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या, म्हणजे ग्रेट बॅरियर रीफ ज्या किनाऱ्याला आहे तिथल्याच. पाणी तापल्यामुळे प्रवाळ पांढरे पडताहेत हे बघून २००५ साली लॉस एंजेलिसच्या घरात त्यांनी क्रोशानं प्रवाळाचं बेट विणायला घेतलं. एक म्हणता म्हणता ठिकठिकाणच्या बायका त्यात आल्या, गावोगावची आपापली बेटं झाली. २०१९ मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात ते काम मांडलं गेलं. २०२२ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-बाडेनला जवळपास चार हजार माणसांनी विणलेले चाळीस हजारांच्या आसपास प्रवाळ एकत्र आले.

विणायची रीत सोपी आहे, आत्ताच सांगते. वीसेक साखळ्या घाल. त्यावर मुक्या खांबांची ओळ. पुढच्या ओळीपासून दर तीन खांबांनंतर एकाच घरात दोन खांब घाल. प्रत्येक ओळीत हेच. चार-पाच ओळींत कड भराभर वाढते आणि सपाट राहायला जागाच उरत नाही, म्हणून ती परकराच्या झालरीसारखी वर-खाली वळायला लागते. दर दोन खांबांनंतर वाढवलंस तर घट्ट चुण्या, दर सहांनंतर वाढवलंस तर संथ लाट. कॉर्नेल विद्यापीठातल्या डाइना टायमिना या गणिताच्या बाईंनी १९९७ साली असंच विणून एका अवघड भूमितीचं मॉडेल केलं होतं. तोवर गणिती लोक कागद चिकटवून काम भागवायचे, आणि तो कागद फाटायचा. प्रवाळही असाच वाढतो, थोड्या जागेत जास्तीत जास्त पृष्ठभाग, म्हणजे अन्न आणि उजेड जास्त मिळतो. आपल्या शेजारच्या काकूंच्या बोटांना ही भूमिती येते, हे त्यांना कळलं की त्यांचे चेहरे बघ तू.

आणि विणता विणताच सांगायचं. प्रवाळ दगड नाही, झाड नाही, इवल्या इवल्या प्राण्यांची वसाहत आहे. त्यांच्या अंगात शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न करतं आणि यजमानाला देतं. पाणी फार तापलं की हे बिऱ्हाड मोडतं, शेवाळ निघून जातं, प्राणी पांढराफटक पडतो. पाणी वेळेत निवलं तर सावरतो, नाहीतर उपासमारीनं मरतो. चार ओळी रंगीत विणून पुढच्या चार पांढऱ्या विणायला लाव, भाषणाची गरज राहणार नाही. लोकर मात्र ॲक्रिलिकची नको, तिचे तंतू धुण्याच्या पाण्यातून शेवटी समुद्रातच जातात. जुन्या सुती साड्यांच्या, ओढण्यांच्या पट्ट्या काढा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आपल्याकडेही प्रवाळ आहेत, हे त्या बायकांना जरूर सांग. पुढच्या सुट्टीत त्या मालवणला येतील, स्नॉर्केलिंग करतील, तेव्हा त्यावर पाय देऊन उभ्या राहणार नाहीत.

प्रवाळाचा विषय निघालाच आहे, तर पोवळ्याचं जाता जाता. आई तुझ्या मंगळासाठी पोवळ्याची अंगठी करणार असं म्हणत होती. ते लाल पोवळं बहुतेक भूमध्य समुद्रातलं असतं, वर्षाला मिलिमीटरभरसुद्धा जाड होत नाही. मी आईशी बोलते, तू वाद घालू नकोस.

आता रोजच्या गोष्टीकडे ये. देखावा बघून माणूस हळवा झाला की त्याच वेळी त्याच्या हातात करण्याजोगं एकच काम द्यायचं. दहा दिलीस तर तो एकही करणार नाही. थर्माकोल, पीओपी यावर सगळेच बोलतात, ते त्यांना बोलू दे. तू मासळी धर. गणपती उठले की दुसऱ्या दिवशी बाजार फुललेला असतो, आणि जून-जुलैच्या बंदीनंतर होड्या सुटून थोडेच दिवस झालेले असतात. नेमक्या तेव्हा टोपलीत तळहाताएवढी पापलेटं दिसतात. का दिसतात? कारण आपल्याला ताटात अख्खं पापलेट लागतं. आपला सरंगा, म्हणजे रुपेरी पापलेट, २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्य मासा झाला. त्याच वर्षी सरकारनं ५४ जातींसाठी पकडायचं किमान माप ठरवून दिलं. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०. हे अगदी कमीत कमी माप. अंडी घालण्याजोगं पापलेट याहून बरंच मोठं असतं. लहान मासा एकदाही वीण न करता ताटात आला तर पुढच्या वर्षी जाळ्यात काय येणार, हे मासेवालीला तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तिला शहाणपण शिकवू नकोस. नुसतं म्हण, ‘मावशी, बारकी नकोत, मोठं एक द्या, तुकड्या करून.’ असं म्हणणारी दहा गिऱ्हाइकं झाली की ती दलालाकडे तेच मागेल. मोठं परवडत नसेल त्या दिवशी बांगडा घ्यायचा, मांदेली घ्यायची. बांगड्याचं तिरफळं घातलेलं तिखलं पुढे आलं की पापलेटाची आठवण कुणाला येते?

तर मुलांना कामाला लाव. जाड पुठ्ठ्यावर बरोबर साडेतेरा सेंटीमीटरचं पापलेट आणि अठराचा बोंबील काढून, रंगवून, कापून घे. प्रत्येक घराला एक जोडी, प्रसादाबरोबर. पुठ्ठा पातळ नको, ओल्या हातांनी दोन दिवसांत मऊ पडेल, वर चिकटपट्टी लाव. मुलांनी स्वतः रंगवलेला मासा आई-बाबा टाकून देत नाहीत, बाजारात नेतात, आणि टोपलीपाशी मूलच माप लावायला पुढे होतं.

कापायच्या आधी आकृत्यांचे फोटो मला पाठव. पापलेट सगळ्यांना जमतं, बोंबलाचं तोंड मुलं चुकवतात. जबडा मागपर्यंत फाकलेला हवा, खालचा किंचित पुढे, दात बारीक आणि आत वळलेले, अंग गुलाबीसर.