सह्याद्रीच्या माथ्यावरून

पूर्वी अहमदनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अहिल्यानगर जिल्ह्याचा नकाशा पाहिला, तर त्याचा बहुतेक भाग पठाराचा आणि उघड्या माळरानांचा आहे, असे दिसून येते. कर्जत, जामखेड, पाथर्डी या तालुक्यांतील शेतकऱ्याची दृष्टी पावसाळाभर आकाशाकडे लागलेली असते. परंतु त्याच नकाशाच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. तेथे भूमीचे रूप एकाएकी पालटते. माळ संपतो, डोंगर एकामागून एक उंच होत जातात आणि सह्याद्रीची मुख्य धार समोर उभी राहते. कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड ही या धारेवरील तीन प्रमुख ठिकाणे होत.

हे डोंगर अग्नीपासून जन्मले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस पुनःपुन्हा बाहेर आला आणि त्याचे थरावर थर साचत गेले. थिजलेल्या त्या थरांतील काही कठीण, तर काही मऊ होते. वारा, ऊन आणि पाऊस यांनी मऊ थर लवकर झिजविले. कठीण थर मात्र टिकून राहिले. म्हणूनच या डोंगरांना पायऱ्यांसारखा आकार आला आहे. आधी ताठ कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा, असा त्यांचा क्रम असतो. या खडकाला भूगर्भशास्त्रज्ञ ‘ट्रॅप’ म्हणतात. स्वीडिश भाषेत पायऱ्यांसाठी असलेल्या शब्दावरून हे नाव आले आहे.

कळसूबाईचे शिखर 1646 मीटर उंच असून महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. पायथ्याच्या बारी गावातून वर जाणारी वाट प्रथम भातखाचरांमधून आणि मग उभ्या चढणीवरून जाते. जेथे कातळ अगदी ताठ आहे, तेथे लोखंडी शिड्या बसविल्या आहेत. माथ्यावर देवीचे लहानसे मंदिर असून नवरात्रात तेथे भाविकांची रीघ लागते. या देवीची कथा मोठी अर्थपूर्ण आहे. कळसू ही कोळ्याची मुलगी. भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, या अटीवर ती एका घरी कामाला राहिली. पुढे एके दिवशी त्या घरच्यांनी तिला तीच कामे सांगितली. तिने ती निमूटपणे केली. परंतु दिलेला शब्द मोडणाऱ्या त्या घरात ती क्षणभरही थांबली नाही. ती डोंगरावर निघून गेली आणि अखेरपर्यंत तेथेच राहिली. महाराष्ट्रातील सर्वांत उंच स्थान लोकांनी एका मानी, कष्टकरी मुलीच्या नावाने ओळखावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आकाश निरभ्र असेल तर या माथ्यावरून फार विस्तीर्ण प्रदेश दिसतो. पश्चिमेकडे अलंग, मदन आणि कुलंग हे तीन दुर्गम किल्ले खांद्याला खांदा लावून उभे असतात. दक्षिणेकडे दूरवर हरिश्चंद्रगडाचा माथा दिसतो, त्याच्या अलीकडे रतनगड, आणि या सर्वांच्या मध्ये भंडारदऱ्याचा निळा जलाशय पसरलेला असतो. रतनगडाच्या माथ्यावर खडकाला आरपार पडलेले एक नैसर्गिक भोक आहे. सुईच्या भोकासारखे म्हणून त्यास ‘नेढे’ म्हणतात. भणाणत्या वाऱ्यात तेथे बसले, म्हणजे हाच देखावा उलट बाजूने दिसतो. गडाच्या पायथ्याशी रतनवाडी येथे अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर असून त्याच्या दगडी भिंती सुबक कोरीव कामाने सजलेल्या आहेत.

हरिश्चंद्रगडाचे वैशिष्ट्य काही निराळेच आहे. गडावरील हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर आणि शेजारच्या गुहेतील, पाण्याने वेढलेले केदारेश्वराचे शिवलिंग पाहून पश्चिमेकडे चालत गेले, की पायाखालची भूमी अकस्मात संपते. हाच कोकणकडा होय. नागाच्या फण्याप्रमाणे आत वळलेली ही प्रचंड भिंत थेट कोकणात उतरते. खालून येणारा वारा या भिंतीवर आदळून इतक्या वेगाने वर उसळतो, की कड्यावरून टाकलेली हलकी वस्तू पुष्कळदा परत वर येते.

पावसाळ्याच्या दिवसांत, सकाळचे ऊन पाठीशी आणि दरीतले धुके समोर असेल, तर येथे क्वचित एक अपूर्व देखावा दिसतो. धुक्यावर पाहणाराची सावली पडते आणि तिच्या मस्तकाभोवती सप्तरंगी वलय उमटते. यालाच ‘इंद्रवज्र’ म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या हवामानावरील आपल्या लेखात अशा वर्तुळाकार इंद्रधनुष्याचे वर्णन केले असून तो लेख 1835 साली प्रसिद्ध झाला. युरोपात जर्मनीतील हार्झ पर्वतात ब्रोकेन नावाचे 1141 मीटर उंचीचे शिखर आहे. त्यावर वर्षातील सुमारे तीनशे दिवस धुके असते. तेथेही हीच किमया दिसते. धुक्यात पडलेली ती अवाढव्य छाया पाहून तेथील लोकांनी तिला ‘ब्रोकेनचे भूत’ असे नाव दिले. वास्तविक दोन्ही ठिकाणी कारण एकच आहे. धुक्यातील सूक्ष्म जलबिंदू सूर्यप्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेकडे परत पाठवितात आणि तसे करताना त्याचे रंग वेगळे होतात. यात मौज अशी, की दहा माणसे ओळीने उभी राहिली, तरी ज्याला त्याला वलय दिसते ते आपल्याच मस्तकाभोवती! शेजाऱ्याच्या मस्तकाभोवतीचे वलय कोणालाच दिसत नाही.

डोंगरमाथ्यावर जाणारा मनुष्य एवढेच पाहून परतला, तर त्याने फक्त स्वतःलाच पाहिले असे म्हणावे लागेल. त्या उंचीवरून पाहण्यासारखे आणखी पुष्कळ आहे. घाटघरच्या कड्यावर उभे राहिले असता कळते, की पश्चिमेकडे पडलेला पावसाचा थेंब अरबी समुद्राला मिळतो, तर पूर्वेकडे पडलेला थेंब प्रवरेतून गोदावरीत जाऊन बंगालच्या उपसागराची वाट धरतो. समुद्रावरून आलेले ढग या भिंतीला अडतात आणि येथेच रिते होतात. म्हणून घाटघरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर उर्वरित जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी पाचशे ते सहाशे मिलिमीटर एवढाच येतो. माळावरच्या अवर्षणाचे कारण या माथ्यावरून असे डोळ्यांनी पाहता येते.

प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते. तिचे पाणी अडविण्यासाठी भंडारदरा येथे 1910 साली धरणाचे बांधकाम सुरू झाले आणि 1926 साली ते पूर्ण झाले. धरणातून निघालेले पाणी पुढे ओझरच्या बंधाऱ्यापाशी कालव्यांत वळविले जाते आणि त्यावर खालच्या तालुक्यांतील मळे फुलतात. याच प्रवराकाठी लोणी येथे 1950 साली शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. खालच्या प्रदेशाच्या भरभराटीचे मूळ वरच्या डोंगरांत आहे ते असे.

परंतु या समृद्धीचे मोल डोंगरातील माणसांनी दिले आहे. जलाशय भरला, तेव्हा खोऱ्यातील जमिनी पाण्याखाली गेल्या. एवढ्या पावसाच्या प्रदेशात उन्हाळ्यात मात्र अनेक वाड्यांवरील स्त्रियांना डोक्यावर हंडे घेऊन दूरच्या झऱ्याकडे जावे लागते. उतार तीव्र असून खडक कठीण असल्याने पाणी मुरत नाही. ते वाहून खाली जाते. ज्यांच्या डोळ्यांदेखत नदी जन्म घेते, त्यांच्याच घरी चैत्र-वैशाखात घागर रिती असते! या भूमीने अन्यायापुढे मान तुकविलेली नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. देवगावचे राघोजी भांगरे यांनी सावकार आणि इंग्रज सत्ता यांच्या जुलमाविरुद्ध याच दऱ्याखोऱ्यांच्या आश्रयाने बंड पुकारले. 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले.

1986 साली या डोंगरांतील वनांना कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले. ज्येष्ठाच्या आगेमागे येथील झाडे लक्षावधी काजव्यांनी लखलखतात. कारवीची झुडपे अनेक वर्षांतून एकदाच फुलतात आणि उतार जांभळे करून टाकतात. हे पाहण्यास आता दूरदूरचे लोक येतात. येणाऱ्याने गावातील वाटाड्या बरोबर घ्यावा, पावसात निसरड्या कड्याच्या टोकाशी जाऊ नये, काजव्यांच्या झाडांवर दिव्यांचा झोत टाकू नये आणि आणलेला कचरा आपल्याबरोबर परत न्यावा. कारण तो ज्या झऱ्याकाठी टाकला जाईल, तोच झरा कोणाच्या तरी घरचे पिण्याचे पाणी असतो.

डोंगर चढण्यास पाय बळकट असावे लागतात. परंतु माथ्यावर पोहोचल्यावर खरे काम असते ते डोळ्यांचे. आपल्या नळाला येणारे पाणी कोठे जन्मले, ते कोणाच्या शेतावरून वाहत आले आणि कोणाची घागर रिती ठेवून आले, हे ज्याला तेथून दिसले, त्याचेच डोंगर चढणे सार्थकी लागले असे समजावे.

स्वाध्याय

1. सह्याद्रीच्या डोंगरांना पायऱ्यांसारखा आकार कसा आला, ते लिहा.
2. कळसूच्या कथेतून तिच्या स्वभावाचा कोणता विशेष दिसून येतो?
3. घाटघरला पुष्कळ पाऊस पडतो, पण जिल्ह्याच्या इतर भागांत कमी पडतो. याचे कारण सांगा.
4. ‘त्याने फक्त स्वतःलाच पाहिले’ असे लेखक कोणाविषयी व का म्हणतो?
5. आपल्या गावाला पिण्याचे पाणी कोठून येते, त्याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.