वाय-फाय जुळतें, पण पान उघडत नाहीं : दोष कसा शोधावा

पाटाला पाणी असूनही शेतांत पाणी न पोचणें, हा अनुभव बागाईतदारास नवा नाहीं. अशा वेळीं जाणता शेतकरी एकदम धरणाकडे धांवत नाहीं, किंवा नवी विहीर खणावयासही लागत नाहीं. तो आपल्या शेताच्या तोंडापासून निघून चारीच्या कडेनें चालूं लागतो आणि पाणी जेथें अडलें आहे ती जागा शोधून काढतो. लॅपटॉपवर वाय-फायची खूण दिसते, 'जोडलें आहे' असें लिहूनही येतें, आणि तरीही एकही पान उघडत नाहीं, या अडचणीचें मूळ याच रीतीनें सांपडतें. ती रीत क्रमवार सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

हा विषय शेतकी मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. पण आमच्या इंदिरानगरांत अशीं कित्येक कुटुंबें आहेत कीं, ज्यांची जमीन निफाड, दिंडोरी अगर सिन्नर तालुक्यांत असून कागदपत्रांचें काम मात्र शहरांतील घरच्या लॅपटॉपवर चालतें. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ सालापासून घरबसल्या मिळूं लागला. पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः करण्याची ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. पीकविम्याचा अर्ज, अनुदानाची मागणी, बाजारभाव, हवामानाचा अंदाज, सर्व कांहीं याच वाटेनें येतें. मुदतीच्या शेवटच्या रात्रीं पान उघडलें नाहीं, तर अर्ज राहतो, आणि पुढें गारपीट झाली कीं हात चोळीत बसण्याची पाळी येते. सबब ही विद्या आतां शेतीच्याच कामाची झाली आहे.

पांच टप्पे

वाय-फाय जुळणें म्हणजे इंटरनेट मिळणें नव्हे, ही गोष्ट प्रथम पक्की समजली पाहिजे. पान उघडण्यासाठीं पांच गोष्टी घडाव्या लागतात. पहिली, लॅपटॉप व घरांतील राउटर यांचा बिनतारी संबंध जुळणें. वाय-फायची खूण एवढीच गोष्ट सांगते. दुसरी, राउटरनें लॅपटॉपास एक क्रमांक देणें. तिसरी, राउटरपासून कंपनीपर्यंतची व तेथून बाहेरची वाट मोकळी असणें. चौथी, आपण लिहिलेल्या नांवावरून त्या ठिकाणाचा क्रमांक सांपडणें. पांचवी, त्या ठिकाणाचें प्रमाणपत्र लॅपटॉपास खरें वाटणें.

यांतील चौथी गोष्ट महसुली दाखल्यानें चटकन् ध्यानांत येईल. गांवांत शेतास 'वडाचें शेत', 'खालचा मळा' अशीं नांवें असतात, परंतु दप्तरास फक्त गट नंबर कळतो. नांवावरून गट नंबर काढून देणारा कोणी तरी लागतो. इंटरनेटवर हें काम डीएनएस नांवाची व्यवस्था करते. ती अमेरिकेंत पॉल मोकापेट्रिस यांनीं १९८३ सालीं आंखली. त्यापूर्वीं सर्व यंत्रांच्या नांवांची एकच यादी एका ठिकाणीं ठेवीत व तिची नक्कल इतरांनीं वेळोवेळीं उतरवून घ्यावी लागे. नांव सांगणारा हा कारकून गैरहजर असला, तर वाट मोकळी असूनही पान उघडत नाहीं.

पहिली तपासणी : दोष घरांत कीं यंत्रांत?

लॅपटॉपास हात लावण्यापूर्वीं घरांतील मोबाईल घ्यावा. त्यांतील मोबाईल डेटा बंद करून केवळ वाय-फाय चालू ठेवावें आणि त्या दिवशीं न पाहिलेलें एखादें पान उघडावें. डेटा बंद करणें ही गोष्ट लहान दिसते, पण पुष्कळजण नेमकी तीच विसरतात. वाय-फायमध्यें इंटरनेट नसलें, तर बरेच मोबाईल न विचारतां सिमच्या वाटेनें जातात, आणि मग 'मोबाईलवर चालतें, म्हणजे वाय-फाय ठीक आहे' असा खोटा निष्कर्ष निघतो.

यानंतर उलट रुजवात करावी. मोबाईलचा डेटा चालू करून त्याचा हॉटस्पॉट सुरू करावा व लॅपटॉप त्यास जोडावा. हॉटस्पॉटवर पानें उघडलीं, तर लॅपटॉप बहुधा निर्दोष असून दोष राउटरांत, तारेंत अगर कंपनीकडे आहे. हॉटस्पॉटवरही उघडलीं नाहींत, तर दोष लॅपटॉपांतच शोधावा. मुदत जवळ असेल, तर हॉटस्पॉटवरून अर्ज आधीं भरून टाकावा. दोष मागाहून शोधतां येतो, गेलेली मुदत परत येत नाहीं.

दुसरी तपासणी : राउटर व तार

प्रकाशतंतूची जोडणी असल्यास पेटीवर 'एल-ओ-एस' असें लिहिलेला दिवा पाहावा. तो तांबडा लागला, म्हणजे बाहेरून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोचत नाहीं. तार कपाटामागें दबली आहे काय, उंदरानें कुरतडली आहे काय, एवढें पाहून कंपनीस कळवावें. ही तार घडी पडेल अशी वांकवूं नये, व तिच्या उघड्या टोकांत डोळा लावून पाहूं नये. त्यांतील प्रकाश दिसत नाहीं, तरी डोळ्यास अपाय करूं शकतो.

दिवे ठीक असल्यास राउटरची वीज बंद करून अर्धा मिनिट थांबावें, मग चालू करून दोनतीन मिनिटें वाट पाहावी. पुष्कळ दोष एवढ्यानेंच जातात. मात्र मागील बारीक छिद्रांतील 'रीसेट'ची कळ दाबूं नये. तिनें कंपनीच्या माणसानें भरलेली सर्व माहिती पुसली जाते व तो पुन्हां येईपर्यंत सारें घर बंद पडतें. मासिक वर्गणीची मुदत संपली नाहीं ना, हेंही याच वेळीं पाहून घ्यावें.

तिसरी तपासणी : क्रमांक मिळाला काय?

लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्यें नेटवर्कच्या गुणधर्मांत आयपी पत्ता म्हणून चार भागांचा आंकडा दिसतो. घरगुती राउटरवर तो बहुधा १९२.१६८ या आंकड्यांनीं सुरू होतो. तसा असला, तर क्रमांक मिळाला असें समजावें. परंतु आरंभीं १६९.२५४ दिसलें, तर राउटरकडून कांहींच न मिळाल्यामुळें लॅपटॉपानें स्वतःच एक तात्पुरता क्रमांक धरला आहे, असा त्याचा अर्थ. त्या क्रमांकानें बाहेर जातां येत नाहीं. अशा वेळीं ती वाय-फाय जोडणी 'विसरा' असें सांगून पासवर्ड पुन्हां भरावा, व क्रमांक 'आपोआप' घेण्याची निवड आहे ना, तें पाहावें. एखाद्या कचेरींत हातानें क्रमांक भरून ठेवलेला लॅपटॉप घरीं आणला म्हणजेही नेमकी हीच अडचण येते.

चौथी तपासणी : वाट कीं नांव?

विंडोजच्या लॅपटॉपांत कमांड प्रॉम्प्ट नांवाची काळी खिडकी उघडावी. तींत रोमन लिपींत पिंग हा शब्द, म्हणजे पी, आय, एन, जी हीं चार अक्षरें, लिहून एक जागा सोडावी व १.१.१.१ हे आंकडे इंग्रजी अंकांत लिहून एंटर दाबावें. हा क्लाउडफ्लेअर कंपनीनें २०१८ सालीं सार्वजनिक उपयोगास खुला केलेला नांवें सांगणाऱ्या व्यवस्थेचा क्रमांक आहे. उत्तर आलें, तर बाहेरची वाट मोकळी. मग त्याच रीतीनें आंकड्यांऐवजीं एखाद्या प्रसिद्ध संकेतस्थळाचें नांव लिहावें. आंकड्यास उत्तर येतें, पण नांव 'सांपडत नाहीं' असें लिहून येतें, तर दोष डीएनएसचा, हें ठरलें. नेटवर्कच्या गुणधर्मांत डीएनएस हातानें भरण्याची सोय असते. तेथें १.१.१.१ किंवा गूगलचा ८.८.८.८ हा क्रमांक भरावा. खर्च कांहीं नाहीं, आणि नको वाटल्यास पुन्हां 'आपोआप' करतां येतें.

पांचवी तपासणी : घड्याळ

आतां सर्वांत उपेक्षित कारण सांगतों. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ आपलें प्रमाणपत्र दाखवितें. त्यावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ग्राह्य' असें असतें. कित्येकांची मुदत केवळ ९० दिवसांची असते. लॅपटॉपची तारीख चुकलेली असली, तर त्यास खरें प्रमाणपत्रही मुदतीबाहेरचें वाटतें व 'जोडणी सुरक्षित नाहीं' असें सांगून तो पान अडवितो. जुन्या लॅपटॉपांतील घड्याळाची बारीक बॅटरी संपली व यंत्र कांहीं दिवस बंद राहिलें, म्हणजे तारीख कित्येक वर्षें मागें जाते.

आमच्या ओळखीच्या एका द्राक्ष बागाईतदाराच्या घरीं हाच प्रकार घडला. विम्याच्या मुदतीस दोन दिवस उरले होते. दुरुस्ती करणाऱ्यानें वाय-फायचा भाग जळाल्याचें सांगून मोठी रक्कम मागितली. घरांतील कॉलेजांत शिकणाऱ्या मुलीनें पडद्याच्या कोपऱ्यांतील तारीख पाहिली, ती कांहीं वर्षांपूर्वींची होती. तारीख व वेळ दुरुस्त करतांच पान उघडलें आणि अर्ज त्याच सायंकाळीं गेला. भाग जळाला असता, तर वाय-फाय जुळलेंच नसतें, एवढा एक विचार मोठी रक्कम वांचविण्यास पुरेसा होता.

उरलेलीं कारणें

वरील सर्व ठीक असल्यास दुसऱ्या ब्राउझरमध्यें पान उघडून पाहावें. सेटिंग्जमध्यें प्रॉक्सी चालू राहिली असल्यास बंद करावी. व्हीपीएन किंवा विषाणूरोधक कार्यक्रम क्षणभर थांबवून पाहावा व तपासणी होतांच विषाणूरोधक पुन्हां चालू करावा. 'नेटवर्क रीसेट' हा शेवटचा उपाय आहे. त्यानें जतन केलेले वाय-फायचे पासवर्ड पुसले जातात, म्हणून ते आधीं वहींत लिहून घ्यावे.

एकच संकेतस्थळ बंद असून बाकीचीं चालत असतील, तर दोष बहुधा आपल्याकडे नाहीं. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुक व व्हॉट्सॲप जगभर सुमारें सहा तास बंद होतीं, आणि १८ नोव्हेंबर २०२५ रोजीं क्लाउडफ्लेअरच्या बिघाडानें असंख्य संकेतस्थळें अडलीं. त्या वेळीं घरोघर राउटर बंद-चालू करणाऱ्यांचे श्रम व्यर्थ गेले. मुदतीच्या दिवशीं सरकारी संकेतस्थळावर गर्दी होते, तेव्हांही हाच विचार करावा, व शक्य तर पहांटे काम उरकावें.

एक इशारा

घाबरलेला मनुष्य मोबाईलवर 'मदत क्रमांक' शोधतो, आणि तेथेंच ठक बसलेले असतात. ते लॅपटॉप दुरून चालविण्याचा कार्यक्रम भरावयास सांगतात व बँकेचें खातें रिकामें करतात. कंपनीचा क्रमांक नेहमीं बिलावरूनच घ्यावा. अनोळखी मनुष्यास यंत्राचा ताबा किंवा ओटीपी कदापि देऊं नये. फसगत झालीच, तर विलंब न लावतां १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावें.

शेवटीं एकच नियम सांगावयाचा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, तिचा परिणाम पाहावा, आणि काय केलें तें तारखेनिशीं वहींत नोंदवावें. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर कोणत्या उपायानें गुण आला हें कळत नाहीं, आणि पुढील वेळीं पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. पाटावर फिरणारा मनुष्य ज्याप्रमाणें एकेक दार पाहात जातो, त्याप्रमाणें हे पांच टप्पे क्रमानें पाहावे. बहुतेक वेळां दोष स्वस्तांत व आपल्याच हातानें सांपडेल. न सांपडला, तरी तो कोठें नाहीं हें कारागिरास सांगतां येईल, आणि तो नको तें काम गळ्यांत बांधूं शकणार नाहीं.