आकडेपत्रकातील शब्दशोध आणि त्यात होणाऱ्या चुका

आकडेपत्रकात, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये, हजारो नोंदी असल्या की त्यांतून विशिष्ट शब्द शोधण्याचे काम मॅक्रोकडे सोपविले जाते. संगणकाने क्रमाने पार पाडावयाच्या आज्ञांच्या संचास मॅक्रो म्हणतात. एक्सेलमध्ये अशा आज्ञा १९९३ पासून व्हिज्युअल बेसिक या भाषेच्या एका रूपात लिहिता येतात. शोधाची आज्ञा दिसावयास सोपी असते. परंतु ती चुकल्यास शिष्यवृत्तीच्या यादीतून पात्र विद्यार्थ्याचे नाव गळते, किंवा ग्रंथ कपाटात असूनही सूची 'नाही' असे सांगते. म्हणून या चुकांची कारणे जाणून घेणे अगत्याचे आहे.

१. शोध निष्फळ झाल्याची खूण. ही खूण प्रत्येक साधनाची निराळी असते. 'इनस्ट्र' हे फल शब्द न सापडल्यास ० देते. 'सर्च' हे पत्रकातील सूत्र 'वर्कशीटफंक्शन'च्या द्वारे चालविल्यास १००४ क्रमांकाची त्रुटी येऊन मॅक्रो थांबतो. तेच सूत्र थेट 'ॲप्लिकेशन'च्या द्वारे चालविल्यास मॅक्रो थांबत नाही. त्रुटीदर्शक मूल्य हाती येते व ते 'इझएरर'ने तपासता येते. सेलच्या समूहावर चालणारी 'फाइंड' ही पद्धत 'नथिंग' परत करते. त्यावर लागलीच ओळीचा क्रमांक विचारल्यास ९१ ही त्रुटी उद्भवते. तेव्हा आधी खूण तपासावी व मगच पुढील आज्ञा द्यावी.

२. क्रमाची उलटापालट. 'सर्च'ला प्रथम शोधावयाचा शब्द व नंतर मजकूर द्यावा लागतो. 'इनस्ट्र'ला प्रथम मजकूर व नंतर शब्द. हा क्रम उलटला तर 'इनस्ट्र' कोणतीही तक्रार न करता बहुधा ० देते, कारण मोठा मजकूर लहान शब्दात सापडणे शक्यच नसते.

३. दडविलेली त्रुटी. 'त्रुटी आल्यास पुढे चला' या अर्थाची 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' ही आज्ञा पुष्कळजण सोय म्हणून लिहितात. समजा, तिसऱ्या ओळीत शब्द पाचव्या स्थानी सापडला आणि चौथ्या ओळीत तो नाहीच. चौथ्या ओळीवर 'वर्कशीटफंक्शन'ने त्रुटी दिली, ती दडविली गेली, आणि चलामध्ये जुने ५ तसेच राहिले. परिणामी चौथी ओळही 'सापडली' म्हणून नोंदली जाते. थांबलेला मॅक्रो आपली चूक निदान सांगतो तरी. असा मॅक्रो मात्र खोटे उत्तर खऱ्यासारखे देतो. यास्तव प्रत्येक ओळीच्या आरंभी चलाचे मूल्य ० करावे, किंवा 'इनस्ट्र' वापरावे.

४. डोळ्यांस न दिसणारे भेद. 'इनस्ट्र' साधारणतः रोमन लिपीतील लहान व मोठी अक्षरे भिन्न मानते. 'सर्च' मानीत नाही. दुसऱ्या ठिकाणाहून उतरविलेल्या मजकुरात पुष्कळदा ३२ क्रमांकाच्या साध्या मोकळ्या जागेऐवजी १६० क्रमांकाची न तुटणारी जागा असते. दोन्ही सारख्याच दिसतात, पण 'ट्रिम' फक्त पहिली काढते. १६० क्रमांकाची जागा 'रिप्लेस'ने बदलून घ्यावी.

५. देवनागरीची विशेष बाब. संगणक मात्रा व उकार स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजतो. 'नवे पुणे' यात 'पुणे' हा शब्द आपल्या मोजणीने चौथ्या स्थानी, तर 'इनस्ट्र'च्या मोजणीने पाचव्या स्थानी येतो. शिवाय मॅक्रो लिहिण्याच्या खिडकीत देवनागरी अक्षरे सामान्यतः टिकत नाहीत. त्यांची प्रश्नचिन्हे होतात. 'सर्च'च्या दृष्टीने प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतेही एक चिन्ह. अर्थात 'पुणे' शोधू जाता चार किंवा अधिक चिन्हांची प्रत्येक नोंद 'सापडते'. यावर उपाय असा की, शोधावयाचा शब्द आज्ञेत न लिहिता पत्रकातील एखाद्या सेलमध्ये लिहावा व तेथून वाचावा.

अभ्यास. मॅक्रो मोठ्या यादीवर चालविण्यापूर्वी तीन नोंदींवर पारखावा: एकीत शब्द आरंभी असावा, दुसरीत मध्ये, तिसरीत मुळीच नसावा. तिन्हींची उत्तरे प्रथम हाताने काढून मग ताडून पाहावीत. तिसरी नोंद वगळू नये. बहुतेक दोष तिच्यामुळेच उघडकीस येतात.