गळलेल्या पानांची चित्रे

कागद व रंग नाहीत म्हणून चित्रकलेचा तास पाढ्यांस देण्याची रीत आपल्या खेड्यांतील शाळांत फार आहे. शिक्षकबंधूंनी फाल्गुनात मुलांस घेऊन एकदा शिवारात जावे. पळसाची केशरी व सावरीची लाल फुले तेथे जमिनीवर पडलेली असतात. सागाची वाळकी पाने तर हवी तितकी.

१९५६ साली इंग्लंडात जन्मलेले व पुढे स्कॉटलंडात राहिलेले शिल्पकार अँडी गोल्ड्सवर्दी यांनी अशाच साहित्यावर नाव मिळविले आहे. त्यांनी लहानपणी शेतावर मजुरी केली होती. पानास पान ते काट्याने टाचतात आणि वाऱ्याने किंवा भरतीने काम मोडण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घेऊन ठेवतात. आपल्या मुलांस ही टाचणी नवीन नाही. पत्रावळी लावताना ती त्यांनी घरीच पाहिलेली असते.

प्रथम पाने रंगाप्रमाणे ओळीने मांडावयास सांगावी. एकाच झाडाखाली हिरवट, पिवळे, तांबूस व करडे पान सापडते, हे पाहून मुले चकित होतात. मग ओळीचे वर्तुळ किंवा नागमोडी वाट त्यांची त्यांनाच सुचते. फळ्यावर नमुना काढून देऊ नये. दिल्यास चाळीस मुलांची चाळीस सारखीच कमळे होतात.

एका वर्षी दसऱ्याच्या आधी मी मुलांस 'फुले आणा' एवढेच सांगितले. त्यांनी शाळेशेजारच्या एका म्हातारीचा झेंडूचा वाफा ओरबाडला. ती फुले तिला बाजारास न्यावयाची होती. मी क्षमा मागावयास गेलो, तेव्हा ती एक शब्दही बोलली नाही. वाफ्याकडे बोट मात्र दाखविले. फुलांचे पैसे मी दिले. तेव्हापासून गळलेले तेवढेच उचलावयाचे, असा आमचा नियम आहे.

काही गोष्टींस हात लावू देऊ नये. गुंजा सुंदर दिसतात, पण चावल्यास विषारी असतात. बिब्ब्याने अंगावर फोड येतात, रुईचा चीक डोळ्यांस घातक असतो, खाजकुइलीविषयी तर सांगावयास नकोच. दगड शिक्षकानेच काठीने उलटावा. खाली विंचू असतो.

दुसऱ्या दिवशी वाऱ्याने चित्र विस्कटलेले असते, उरलेले शेळ्यांनी खाल्लेले असते. एखादे लहान मूल रडू लागते. त्यास समजावीत बसू नये. हाती टोपली द्यावी आणि झाडाखाली पाठवावे.