पिठाची गिरणी ते हॉटेल : व्हेनिसच्या एका इमारतीचा धडा

धंद्यात जागेचे मोल काय असते, हे व्यापारी बंधूंना सांगण्याची गरज नाही. नाक्यावरचा गाळा मिळावा म्हणून आपण भारी पागडी मोजतो. परंतु आज मोक्याची असलेली जागा उद्याही मोक्याची राहील काय, हा प्रश्न मात्र फार थोडे लोक विचारतात. इटलीतील व्हेनिस शहरात पिठाची एक जुनी गिरणी आहे. तिथे आता हॉटेल आहे. या गिरणीची हकीगत त्या प्रश्नाचे उत्तर देते.

हमाली वाचली, धंदा वाढला

व्हेनिस हे समुद्राच्या उथळ खाडीतील बेटांवर वसलेले शहर. तेथे रस्त्यांच्या जागी कालवे आणि हातगाड्यांच्या जागी होड्या. शहराच्या दक्षिणेला जुदेक्का नावाचे लांबट बेट आहे. त्याच्या पश्चिम टोकाला जोव्हान्नी स्टुकी या उद्योजकाने १८८० नंतरच्या दशकात गिरणी उभारली. स्टुकीचा जन्म १८४३ चा. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, व्यवसायाने गिरणीवाले. त्यामुळे दळण्याची विद्या त्याला घरातूनच मिळाली होती.

त्या काळी व्हेनिस बंदरात जहाजांनी गहू उतरे. तो होड्यांत भरून सिले नदीने त्रेव्हिसो भागातील पाणचक्क्यांवर जाई आणि पीठ होऊन परत येई. स्टुकीने हिशेब मांडला. वाफेचे इंजिन असेल तर नदीच्या प्रवाहाची गरजच काय? गहू उतरतो तिथेच दळला तर जाण्यायेण्याचा खर्च वाचेल. ही साधी गोष्ट त्याच्या संपत्तीचे मूळ ठरली. भरभराटीच्या काळात येथे सुमारे १५०० कामगार होते, रात्रंदिवस काम चाले आणि दिवसाला २५०० क्विंटलपर्यंत पीठ निघे.

इमारत एवढी उंच कशासाठी?

आपल्या गल्लीतील पिठाची चक्की एका खोलीत मावते. मोठ्या गिरणीचे तसे नसते. तिथे जात्याच्या दगडाऐवजी पोलादी रूळ असतात. गहू आधी पट्ट्यावरच्या डब्यांनी सर्वात वरच्या मजल्यावर चढवतात. मग तो आपल्याच वजनाने खाली येतो. एका मजल्यावर रुळांत भरडला जातो, दुसऱ्यावर चाळला जातो, राहिलेला कणी-कोंडा पुन्हा वर जाऊन पुन्हा खाली येतो. म्हणून अशी गिरणी पसरट न बांधता मजल्यावर मजला चढवून बांधतात. यंत्रांचे वजन आणि धक्के सोसण्यासाठी बांधकाम भक्कम लागते. कामाच्या मजल्यांना उजेडासाठी खिडक्यांच्या रांगा असतात, तर धान्याच्या कोठारांच्या भिंती जवळजवळ बंद असतात.

१८९५ च्या सुमारास गिरणी वाढवताना स्टुकीने जर्मनीतील हॅनोव्हरचा वास्तुविशारद अर्न्स्ट वुलेकोप्फ याला बोलावले. त्याने उत्तर जर्मनीच्या धाटणीची, लाल विटांची, टोकदार कमानींची आणि उंच मनोऱ्याची इमारत आखली. संगमरवरी महालांच्या शहरात हा परका किल्ला कशाला, अशी कुरकुर झाली. नगरपालिका परवानगी देईना, तेव्हा सर्व कामगारांना घरी बसवण्याची धमकी देऊन स्टुकीने ती मिळवली, असे सांगतात.

उतरती कळा

१९१० मध्ये व्हेनिसच्या रेल्वे स्थानकाजवळ गिरणीतल्याच एका कामगाराने स्टुकीची हत्या केली. कारभार मुलाकडे गेला. पण खरा घाव दुसरीकडून बसला. १९१७ पासून समोरच्या मुख्य भूमीवर मार्गेरा हे नवे बंदर उभे राहू लागले. तेथे जहाज, रेल्वे आणि पुढे ट्रक एकाच ठिकाणी मिळत. बेटावरच्या गिरणीला मात्र प्रत्येक पोते होडीत चढवावे व उतरवावे लागे. ज्या पाण्याने हमाली वाचवली होती, त्याच पाण्याने ती आता वाढवली. शेवटी १९५५ मध्ये गिरणी बंद पडली. त्यानंतर कित्येक दशके ती ओसाड पडून होती.

पुन्हा वस्ती

१९९० नंतरच्या दशकात एका इटालियन बांधकाम समूहाने दुरुस्ती हाती घेतली. एप्रिल २००३ मध्ये काम चालू असतानाच मोठी आग लागून इमारतीचा बराच भाग कोसळला. तो जुन्या रूपातच पुन्हा बांधला गेला आणि २००७ मध्ये येथे ३७९ खोल्यांचे हिल्टन हॉटेल सुरू झाले. गिरणीला अडचणीचे झालेले पाणीच आता भाडे मिळवून देऊ लागले, कारण प्रवासी खिडकीतून ते पाहण्याचेच पैसे देतो. मात्र जीर्णोद्धार करणारा समूह पुढे कर्जात अडकला आणि २०१६ मध्ये हॉटेल दुसऱ्या समूहाकडे गेले. जुनी इमारत उभी करणे स्वस्त नसते, हेही ध्यानात ठेवावे.

या गिरणीला लागूनच कापडाचा एक छोटा कारखाना आहे. मारियानो फोर्तुनी या कलावंताने तो १९२० च्या सुमारास काढला. सुती कापडावर रंग छापण्याची त्याची खास रीत आजही गुप्त ठेवली जाते आणि कारखाना आजही चालू आहे. शेजारी तोच, पाणी तेच, होडीचा खर्चही तोच. पण पीठ कुणीही दळू शकतो, ते कापड दुसऱ्या कुणाला बनवता येत नाही. म्हणून गिरणी गेली आणि कारागिरी राहिली.

आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट, माल कुठून येतो आणि कसा जातो, याचा हिशेब दर काही वर्षांनी नव्याने मांडावा. वडिलांच्या काळचा हिशेब आज लागू असेलच असे नाही. दुसरी, शेड किंवा गोदाम बांधताना काम पक्के करावे. पक्की इमारत आपला धंदा गेल्यावरही कुणाच्या तरी उपयोगी पडते. तिसरी गोष्ट कारागीर बंधूंसाठी. हॉटेल झाले तेव्हा इमारतीला मोल आले, १५०० कामगारांच्या हातांना नव्हे. ते कधीच पांगले होते. जागा मालकाची असते, हुन्नर आपला असतो. तो मुलांना द्यावा, आणि असा द्यावा की दुसऱ्याला सहज उचलता येणार नाही.