दुष्काळ येण्याआधीचे काम : देशोदेशींचा अनुभव आणि आपला ऊस



मागच्या अंकात आम्ही खोडव्यातील पाचटाविषयी लिहिले होते. त्यानंतर गट कार्यालयात आलेल्या एका वयस्कर सभासदांनी आम्हाला विचारले, "साहेब, पाचटाचं समदं पटलं. पण विहिरीतच पाणी नसलं तर पाचट काय करणार?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायला यावेळी जरा लांब जावे लागणार आहे, थेट ब्राझील आणि केनियापर्यंत. वाचणाऱ्यांनी कंटाळू नये, परत आपल्या विहिरीवरच यायचे आहे.

अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या डोनाल्ड विल्हाइट या प्राध्यापकांनी दुष्काळात माणूस कसा वागतो याचे एक चक्र मांडले आहे. पाऊसपाणी चांगले असते तेव्हा सगळे निवांत. पाऊस लांबला की चर्चा सुरू होते. मग काळजी, मग घबराट, धावपळ, मोर्चे, टँकर. तेवढ्यात पाऊस पडतो आणि सगळे पुन्हा निवांत. चक्र जिथून निघाले तिथेच येऊन थांबते. हे वाचताना आम्हाला नेब्रास्का नव्हे, आपल्याच गावचा पार दिसत होता. मृगाचे नक्षत्र कोरडे गेले की पारावर जो तो हवामान खात्याचा संचालक होतो, आणि हस्ताचा पाऊस झाला की विहिरीकडे कोणी वाकूनसुद्धा पाहत नाही.

हे चक्र तोडायचे कसे, यावर विचार करायला मार्च २०१३ मध्ये जिनिव्हा येथे अनेक देशांचे प्रतिनिधी एकत्र जमले. जागतिक हवामान संघटना, संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि वाळवंटीकरणाविरुद्धच्या कराराचे सचिवालय यांनी ही बैठक बोलावली होती. योगायोग असा, की त्याच महिन्यात आपल्याकडे माण-खटाव, सांगोला, जत या भागांत चारा छावण्या चालू होत्या आणि आपल्यातल्या कित्येकांचा उभा ऊस गाडीत भरून छावणीकडे जात होता.

जिनिव्हात जे ठरले त्याचे सार तीन गोष्टींत येते. पहिली, पाऊस, जमिनीतला ओलावा, धरण व विहिरीची पातळी यांवर कायम नजर ठेवायची आणि वेळेत इशारा द्यायचा. दुसरी, कोणत्या गावाला, कोणत्या पिकाला, कोणत्या घराला पहिला फटका बसतो हे चांगल्या वर्षातच तपासून ठेवायचे. तिसरी आणि सर्वात अवघड, कोणत्या टप्प्याला काय करायचे, कोणी करायचे, हे आधी लिहून ठेवायचे. यासाठी देशांना तांत्रिक मदत मिळावी म्हणून एक संयुक्त कार्यक्रमही त्याच वेळी सुरू झाला.

मोजायचे कशाने, यावरही एकमत लागते. महाबळेश्वरचा पाऊस आणि माणचा पाऊस एकाच टेपाने मोजून कसे चालेल? तिथे हजार मिलिमीटर म्हणजे दुष्काळ, इथे हजार म्हणजे ओला कहर. म्हणून २००९ साली नेब्रास्कातील लिंकन येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत ठरले, की सर्व देशांच्या हवामान खात्यांनी एक प्रमाणित पर्जन्य निर्देशांक वापरावा. त्यात त्या ठिकाणच्या पावसाची तुलना त्याच ठिकाणच्या अनेक वर्षांच्या पावसाशी होते. शून्य म्हणजे नेहमीसारखे, उणे एकच्या खाली गेले की कोरडे, उणे दोनच्या खाली म्हणजे अतितीव्र. निर्देशांक हे नाव जड आहे, पण हिशोब सोपा आहे. माणची तुलना माणशीच.

आता ब्राझील. आपल्यासारखाच उसाचा देश. त्याच्या ईशान्य भागातील पेर्नाम्बुको राज्याच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षांपासून ऊस आहे आणि आतल्या भागात कोरडवाहू, काटेरी झुडपांचा मुलूख. तिथे १८७७ ते १८७९ च्या दुष्काळात लाखो माणसे मेली. पुढे धरणे झाली, सरकारी खाती झाली. पण दुष्काळ जाहीर करणे आणि टँकर पाठवणे हे पुढाऱ्यांच्या मर्जीवर राहिले. तिथल्या लोकांनी त्याला नावच दिले आहे, 'दुष्काळाचा उद्योग'. आपल्याला त्याचा अर्थ फोडून सांगायची गरज नाही.

२०१२ पासून तिथे सलग काही वर्षे पावसाने दगा दिला, तेव्हा त्यांनी हात पसरण्याऐवजी शिकायला माणसे बोलावली. अमेरिका आणि मेक्सिको यांना दुष्काळाचा नकाशा काढण्याचा अनुभव होता. अमेरिकेचा नकाशा १९९९ पासून दर आठवड्याला निघतो, आणि काही वर्षांतच कॅनडा व मेक्सिको यांच्यासह तिघांचा मिळून मासिक नकाशाही सुरू झाला. या देशांच्या तज्ज्ञांचे मार्गदर्शन आणि जागतिक बँकेचे साहाय्य घेऊन ब्राझीलने २०१४ मध्ये स्वतःचा दुष्काळ नकाशा सुरू केला. आधी ईशान्येतील राज्ये, मग हळूहळू इतर राज्ये. यातली आम्हाला सर्वात आवडलेली गोष्ट अशी, की कार्यालयात बसून नकाशा काढला की तो तसाच छापत नाहीत. राज्याराज्यांतील माणसे तो पाहतात आणि सांगतात, "इथे तुम्ही सौम्य दाखवलंय, पण आमच्याकडे तळी आटली आहेत." मग नकाशा दुरुस्त होतो.

केनियाने २०११ साली दुष्काळासाठी स्वतंत्र राष्ट्रीय प्राधिकरण नेमले. दुष्काळी जिल्ह्यांची दरमहा पत्रके निघतात. त्यांत पाऊस तर असतोच, शिवाय पाण्यासाठी बायकांना किती लांब जावे लागते, आणि एक शेळी विकली तर किती मका येतो, हेही असते. शेळी स्वस्त आणि मका महाग झाला, म्हणजे लोक घाबरून जनावरे विकू लागले. हा आकडा आकाशाच्या आधी बोलतो. त्यावरून जिल्हा कोणत्या टप्प्यात आहे ते ठरते : नेहमीचा, सावध, धोक्याचा, आणीबाणीचा.

पण नुसता इशारा पुरत नाही. शेजारच्या सोमालियाबाबत २०१० च्या ऑगस्टपासून इशारे मिळत होते. मदत पुरेशी पोहोचली ती जुलै २०११ मध्ये अधिकृतपणे महादुष्काळ म्हटल्यावर. तिथे युद्ध होते ही अडचण खरीच, पण तोवर फार उशीर झाला होता. नंतरच्या अभ्यासात सुमारे २ लाख ५८ हजार मृत्यूंचा अंदाज निघाला, त्यांतली निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालची मुले.

आपल्याकडेही आधी ठरवून ठेवण्याचे मोठे उदाहरण आहे. १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन खडी फोडलेली माणसे अजून आपल्या सभासदांत आहेत. ते काम दुष्काळाबरोबर संपू न देता महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. ही मजुराची तयारी झाली. उसाची आणि विहिरीची तयारी मात्र आपण केली नाही, आणि त्यात आम्हीही आलो.

ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही. २०१८ साली ऑगस्टनंतर पावसाने पाठ फिरवली. गटातल्या विहिरी नेहमीपेक्षा किती खाली आहेत हे आमच्या वहीत सप्टेंबरलाच लिहिलेले होते. तरी पुढच्या हंगामाचे क्षेत्र कमी पडू नये म्हणून आम्ही पूर्वहंगामी लागणीच्या नोंदी घेत राहिलो. ऑक्टोबरअखेर शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तोवर टिपरी जमिनीत गेली होती. एप्रिलमध्ये त्यातला बराच ऊस वैरणीच्या भावाने गेला. बेणे, खत, मशागत सगळे सभासदाच्या अंगावर. इशारा आमच्या हातात होता, पण त्या आकड्याला काय करायचे हे कुठेच लिहिलेले नव्हते.

म्हणून आम्ही एक कच्चा आराखडा करून संचालक मंडळापुढे ठेवला आहे. सरीने पाणी दिले तर उसाला हेक्टरी सुमारे २ कोटी लिटर पाणी लागते, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा. सप्टेंबरअखेर पाऊस व विहिरी बऱ्यापैकी खाली असतील तर तो 'सावध' टप्पा. त्यात नवी लागण फक्त ठिबकाखाली घ्यायची आणि खोडव्यात एकरी तीन-चार टन पाचट सरीआड पसरायचे. पुढच्या टप्प्यात नव्या लागणीची नोंद बंद, एक आड एक सरी पाणी, आणि उभ्या उसावर दोन टक्के म्युरेट ऑफ पोटॅश व दोन टक्के युरियाची तीन आठवड्यांच्या अंतराने फवारणी. शेवटच्या टप्प्यात कोणता खोडवा मोडायचा आणि कोणाचा ऊस आधी तोडायचा, याचा क्रम आधीच जाहीर असेल. तो क्रम पाण्यावर ठरेल, ओळखीवर नाही. या शेवटच्या कलमावर मंडळात वाद होणार, हे आम्ही गृहीत धरले आहे.

हे सगळे उभे राहते ते विहिरीच्या आकड्यावर. प्रत्येक गट कार्यालयात खुणा केलेली दोरी ठेवली आहे. काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर फुटात मोजून दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत चिटबॉयकडे लिहून द्यावे. मोटार बंद केल्यावर निदान एक रात्र जाऊ द्यावी, मगच मोजावे, नाहीतर आकडा चुकतो. काही सभासदांनी आम्हाला खासगीत विचारले, की पाणी खाली लिहिले तर ऊस नोंद रद्द होईल का. झालेली नोंद या आकड्यावरून रद्द होणार नाही, असे आम्ही मंडळाकडे लेखी मागितले आहे. ते पत्र आल्यावर गट कार्यालयाच्या फळ्यावर लावू. तोवर मोजायला सुरुवात करायला हरकत नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी